टनेल हिरवा, गाड्या गेटवर: रोज दुपारी अडीचला तुटणारा व्हीपीएन

फोन जालन्याहून होता. "साहेब, तुमचा तो क्लाउड पुन्हा बसला. चार गाड्या काट्यावर उभ्या आहेत, ड्रायव्हर बोंबलायलेत."

घड्याळात दोन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. आदल्या दिवशीचा फोन दोन चाळीसला आला होता, त्याच्या आदल्या दिवशीचाही जेवण उरकून हात धुताना. मी राहतो संभाजीनगरला, तिथून जालना साठेक किलोमीटर. दोनदा फोनवरच "फायरवॉल बंद करून चालू करा" म्हणून वेळ मारून नेली होती. तिसऱ्या दिवशी गाडी काढली.

ज्यांचा कारखाना, गोदाम किंवा ऑफिस साइट-टू-साइट व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटमधून काढलेल्या कुलूपबंद बोगद्याने (टनेलने), क्लाउडला जोडलेलं आहे आणि तो व्हीपीएन "ठरल्या वेळी" तुटतो, रीस्टार्ट केला की चालतो आणि पुन्हा तुटतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्याकडे निघालेलं कारण इतकं बारीक होतं की आधीच्या दोघांना ते सापडलं नाही. मलाही लगेच सापडलं नाही.

आधी मांडणी सांगतो. ही एक रोलिंग मिल आहे. भंगार येतं, भट्टीत वितळतं, बिलेट ओतलं जातं, सळई निघते. भंगाराची गाडी आत येताना काट्यावर चढते आणि सळईची गाडी बाहेर जाताना. काट्याचा कॉम्प्युटर वजन लिहितो मिलमधल्याच सर्व्हरवर, एसक्यूएल सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये. तो डेटाबेस मिलमध्येच ठेवायचा असं शेठजींनी ठरवलं होतं आणि ते बरोबरच होतं, कारण इंटरनेट गेलं म्हणून काटा थांबला तर अख्खी मिल थांबेल. बिलिंगचं सॉफ्टवेअर म्हणजे ईआरपी मात्र क्लाउडवर. तो टनेलमधून मिलच्या डेटाबेसला विचारतो, वजन उचलतो, ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल काढतो. राज्याबाहेर जाणारा पन्नास हजारांच्या वरचा माल आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वरचा माल ई-वे बिलाशिवाय रस्त्यावर नेता येत नाही आणि सळईची भरलेली गाडी त्या आकड्याच्या कितीतरी पुढे असते. म्हणजे टनेल गेला की काटा चालतो, वजन होतं, पावतीही निघते. बिल तेवढं निघत नाही आणि गाडी गेटवर उभी राहते.

सर्व्हर रूममध्ये शिरलो आणि हसू आलं. फायरवॉल म्हणजे जिच्यातून टनेल निघतो ती पेटी. तिच्यासमोर टेबलफॅन फुल स्पीडला लावलेला होता, खाली गोणपाट, त्यावर पाण्याचे डाग. कुणीतरी निदान केलं होतं की दुपारी अडीचला ऊन डोक्यावर असतं, पेटी तापते, म्हणून क्लाउड तुटतो. दुसरं निदान भट्टीचं होतं: इंडक्शन फर्नेसचा लोड चढला की लाइनमध्ये काहीतरी होतं. तिसरं इंटरनेटवाल्याचं, "दुपारी त्यांच्याकडं गर्दी राहती." तिन्ही निदानं ऐकायला पटतात. तिन्ही चुकीची होती.

पहिली खूण: घड्याळ बघू नका, अंतर बघा

काट्यावरच्या दादाकडे एक वही आहे. गाड्यांचे नंबर, वेळा, ड्रायव्हरच्या सह्या. त्याच वहीच्या मागच्या पानावर त्याने फायरवॉल कधी बंद-चालू केला तेही लिहून ठेवलं होतं, कारण एकदा शेठजी त्याच्यावर ओरडले होते आणि त्याला पुरावा हवा होता. जवळपास प्रत्येक ओळ एकच: सकाळी ७ ला चालू, दुपारी २:३० ला बंद. मधे एक दिवस मात्र वेगळा होता. त्या दिवशी सकाळी लाइट गेली होती, यूपीएसची बॅटरी उतरली आणि फायरवॉल ९:२० ला सुरू झाला. त्या दिवशी टनेल तुटला ४:५० ला.

सात ते अडीच, साडेसात तास. नऊ वीस ते चार पन्नास, साडेसात तास.

म्हणजे दुपारच्या अडीचचा उन्हाशी, भट्टीशी, गर्दीशी काही संबंध नव्हता. टनेल सुरू झाल्यापासून बरोबर साडेसात तासांनी तो मरत होता. साडेसात तास म्हणजे २७,००० सेकंद. आयपीसेकचं, म्हणजे असा टनेल ज्या नियमांवर चालतो त्यांचं, काम केलेल्या माणसाच्या डोक्यात हा आकडा ऐकला की घंटी वाजते. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर क्लाउडच्या व्हीपीएन गेटवेवर फेज टूच्या, म्हणजे डेटा कुलूपबंद करणाऱ्या, किल्लीचं डीफॉल्ट आयुष्य तेवढंच असतं. ॲमेझॉनकडे फेज वनला २८,८०० सेकंद म्हणजे आठ तास आणि फेज टूला ३,६०० म्हणजे एक तास. तुमचा टनेल तासाला, साडेसात तासांनी, आठ तासांनी किंवा चोवीस तासांनी तुटत असेल, तर आधी किल्लीचं आयुष्य तपासा आणि इंटरनेटवाल्याला शिव्या नंतर द्या.

मग रात्री काय होत होतं? अडीचला तुटलं, दादाने लगेच रीस्टार्ट केलं, तर पुन्हा साडेसात तासांनी, म्हणजे रात्री दहाला तुटायला हवं. तुटतच होतं. पण रात्री गाड्या भरून ठेवतात, बिलं सकाळी काढतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. सकाळी सातला दादा येई, "क्लाउड बसलाय" बघे आणि बटन दाबे. ह्यातली खरी वाईट गोष्ट वेगळीच निघाली. डेटाबेसचा बॅकअप रात्री अकराला ह्याच टनेलमधून क्लाउडवर चढायचा. दहाला टनेल मेलेला, अकराला बॅकअप निघालेला. एकवीस दिवस एकही बॅकअप वर पोचला नव्हता. गाड्या अडकल्या म्हणून आरडाओरडा झाला. बॅकअप अडकला होता, त्याचा आवाज कुणालाच आला नाही.

दुसरी खूण: हिरवा दिवा कशाचा आहे ते विचारा

फायरवॉलच्या स्क्रीनवर टनेल हिरवा दिसत होता. तुटलेल्या अवस्थेतही. आधीच्या माणसाने त्याच्यावर विश्वास ठेवला आणि "टनेल ठीक आहे, प्रॉब्लेम ईआरपीमध्ये आहे" म्हणून सांगितलं. ईआरपीवाल्याने सांगितलं प्रॉब्लेम नेटवर्कमध्ये आहे. आठवडाभर हे टोलवाटोलवीचं चाललं होतं.

आयपीसेकमध्ये दोन मजले असतात. फेज वन म्हणजे दोन्ही टोकांनी एकमेकांना ओळखणं आणि बोलण्याची वाट उघडणं. फेज टू म्हणजे प्रत्यक्ष डेटा ज्या किल्लीने कुलूपबंद होऊन जातो ती किल्ली. ह्या पेटीवरचा दिवा फेज वनचा होता. फेज वन जिवंत, दोन्ही बाजू एकमेकांना "आहेस का?" "आहे" म्हणत होत्या. फेज टूची यादी उघडली तर रिकामी. मिलच्या सर्व्हरवरून क्लाउडच्या खासगी पत्त्याला पिंग (उत्तर येतं का बघणारं छोटं पॅकेट) लावला आणि फायरवॉलवर पॅकेट पकडायला बसलो. आतल्या बाजूने पॅकेट येताना दिसत होतं, बाहेरच्या बाजूने त्याचं कुलूपबंद रूप निघतच नव्हतं. ईआरपी सुटला, इंटरनेटवाला सुटला. पॅकेट आमच्याच पेटीत मरत होतं.

हे दोन मिनिटांचं काम आहे आणि ते आधी करायला हवं होतं. पॅकेट कुठपर्यंत जिवंत आहे एवढं कळलं की निम्मी भांडणं मिटतात.

लॉग, आणि साडेपाच तासांचा घोळ

क्लाउडच्या बाजूचे लॉग मागवले होते. मिलच्या पोराने दुपारी २:३० च्या आसपासच्या ओळी पाठवल्या, त्यात काहीच नव्हतं. मीही अर्धा तास त्याच ओळी चाळत बसलो. मग ट्यूब पेटली: क्लाउडचे लॉग यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात. आपली वेळ साडेपाच तास पुढे. आपले अडीच म्हणजे त्यांचे सकाळचे नऊ. नऊच्या ओळी काढल्या आणि तिथे ते वाक्य होतं, ओळीमागून ओळ: "नो प्रपोझल चोझन". म्हणजे एकाने अटी मांडल्या, दुसऱ्याने सगळ्या नाकारल्या.

त्यातून फायरवॉलचं स्वतःचं घड्याळही चार मिनिटं मागे होतं. एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची सोय, लावलेलंच नव्हतं. सर्ट-इन ह्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सिस्टिमची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल ह्या सरकारी संस्थांच्या एनटीपी सर्व्हरशी किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जोडायला सांगितलं आहे, आणि लॉग १८० दिवस ठेवायलाही. बरेच जण तो नियम कागदी कटकट समजतात. दोन टोकांचे लॉग शेजारी ठेवून वाचायची वेळ आली की कळतं ही चार मिनिटं किती छळतात.

खरं कारण

नाकारलेली अट होती पीएफएस. फेज टूची किल्ली दर वेळी बदलताना नवी डिफी-हेलमन देवाणघेवाण (उघड्यावर बोलूनही दोघांत एक गुपित ठरवायची पद्धत) करायची की नाही आणि केली तर कोणत्या ग्रुपची, म्हणजे किती ताकदीची, ही ती सेटिंग. मिलच्या फायरवॉलवर पीएफएस चालू, ग्रुप १४. क्लाउडच्या पॉलिसीत पीएफएस बंद. दोन्हीकडे दोन वेगळ्या माणसांनी, वेगळ्या दिवशी भरलेलं.

आता प्रश्न असा की अटीच जुळत नाहीत, तर टनेल सकाळी उठतोच कसा? इथेच सगळे फसतात. आयकेई म्हणजे टनेलच्या अटी आणि किल्ल्या ठरवणारी बोलणी. तिच्या व्हर्जन २ मध्ये पहिली फेज टू किल्ली ओळख पटवण्याच्या देवाणघेवाणीतच तयार होते, फेज वनच्याच गुपितातून. तिथे वेगळी डिफी-हेलमन होत नाही, त्यामुळे पीएफएसच्या ग्रुपचा विषयच निघत नाही. साखरपुडा थाटात झाला, पत्रिका कुणी विचारलीच नाही. साडेसात तासांनी किल्ली बदलायची वेळ येते, तेव्हा पहिल्यांदा पत्रिका मागितली जाते आणि लग्न मोडतं. जुनी किल्ली संपली, नवी बनली नाही, फेज टू रिकामा, फेज वन मात्र हिरवाच. रीस्टार्ट केलं की पुन्हा नवा साखरपुडा, पुन्हा साडेसात तास.

व्हर्जन १ मध्ये ही चूक पहिल्या मिनिटाला उघडी पडते, टनेल उठतच नाही. म्हणून "आम्ही व्हर्जन १ वर परत गेलो तर एररच यायला लागली, व्हर्जन २ च बरं" असं कुणी म्हणालं तर समजून घ्या की व्हर्जन १ त्यांना खरं सांगत होतं. तरी राहायचं व्हर्जन २ वरच.

पटवायचं कसं? पुन्हा साडेसात तास कोण थांबणार. व्हर्जन २ मध्ये किल्लीचं आयुष्य वाटाघाटीने ठरत नाही. दोन्ही बाजू आपापलं धरतात आणि ज्याचं आधी संपतं तो बदलायला निघतो. म्हणून जेवणाच्या सुट्टीत फायरवॉलवरचं फेज टूचं आयुष्य पाच मिनिटांवर आणलं, टनेल नव्याने उठवला आणि पिंग लावून बसलो. शेठजींनी मोसंबीचा रस मागवला होता. ग्लास निम्मा झाला तोवर पिंग थांबला आणि फायरवॉलच्या लॉगमध्ये तीच ओळ आली. शेठजी म्हणाले, "कामून बंद केलं?" म्हटलं, "आता सापडलं म्हणून."

उपाय दोन मिनिटांचा. क्लाउडच्या पॉलिसीत पीएफएस ग्रुप १४ केला, मिलकडे तोच ठेवला. पाच मिनिटांच्या आयुष्यावर चार वेळा किल्ली बदलली, पिंग एकदाही थांबला नाही. मग आयुष्य परत मूळ जागी नेलं.

दोन्हीकडे पीएफएस बंद केलं असतं तरी टनेल टिकला असता आणि इंटरनेटवर बरेच जण तेच सुचवतात. ते करू नका. पीएफएस असलं की फेज वनचं गुपित उद्या कुणाच्या हाती लागलं तरी त्याच्या जोरावर मधल्या प्रत्येक किल्लीचा डेटा उघडत नाही. ग्रुप निवडताना १४ ही खालची पायरी धरा, जमलं तर १९ किंवा २० घ्या. ग्रुप २ कुठे दिसला तर काढून टाका. तो १०२४ बिटांचा आहे आणि २०१७ च्या आरएफसी ८२४७ ह्या इंटरनेट मानकातच तो वापरू नये असं लिहून ठेवलंय.

एक सवय मी तेव्हापासून लावून घेतली. दोन्ही टोकांच्या सेटिंग एका कागदावर शेजारी-शेजारी लिहितो: व्हर्जन, एन्क्रिप्शन, हॅश, ग्रुप, पीएफएस, आयुष्य, दोन्हीकडची नेटवर्कं. लिहिताना डोळ्याला फरक दिसतो. दोन ब्राउझर टॅब आलटून पालटून बघताना दिसत नाही.

दोन दिवसांनी नवा फोन

"साहेब, टनेल चालू हाय, बिलं निघायलेत. पण महिन्याचा स्टॉकचा रिपोर्ट लावला की गोल गोल फिरतंय निस्तं."

बारीक काम चालतं, मोठं अडकतं. लॉगिन होतं, यादी येत नाही. पिंग छान, बॅकअपची फाइल थोडी जाऊन थांबते. हे लक्षण पाठ करून ठेवा, ह्याला नव्वद टक्के वेळा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचं कमाल माप, कारण असतं. नव्वद हा माझ्या अनुभवाचा आकडा, अभ्यासाचा नव्हे.

इथे फायबरचा मोडेम राउटर मोडमध्ये होता आणि पीपीपीओई, म्हणजे इंटरनेटवाल्याकडचं लॉगिन, तोच लावत होता. पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमधले आठ बाइट खातं, म्हणून १५०० ऐवजी १४९२ उरतात. फायरवॉल मोडेमच्या मागे, त्याला वाटतं बाहेर १५०० आहेत. त्यावर आयपीसेकची वेष्टनं: बाहेरचा पत्ता २० बाइट, मोडेमच्या नॅटमुळे (पत्ते बदलून पाठवण्यामुळे) यूडीपीचे ८, ईएसपीचे ८, एईएस-सीबीसीचे सुरुवातीचे १६, हॅशचे १६, शिवाय भरण. पॅकेट फुगतं आणि मोडेमच्या दारात अडकतं. अडकल्यावर "तुकडे कर, मोठं होतंय" असा आयसीएमपी निरोप परत यायला हवा. पण कुणीतरी "सिक्युरिटीसाठी" बाहेरून येणारा अख्खा आयसीएमपी बंद करून ठेवला होता. निरोप्याचाच गळा दाबलेला. पाठवणाऱ्याला कळतच नाही की पॅकेट मेलं, तो तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो.

मोजायची पद्धत साधी. मिलच्या विंडोज सर्व्हरवरून क्लाउडच्या सर्व्हरला पिंग मारायचा, तुकडे न करण्याचा पर्याय म्हणजे हायफन एफ लावून आणि हायफन एल ने आकार देऊन. १४७२ ला उत्तर नाही. १३०० ला उत्तर आलं. १४०० ला नाही. १३९० ला आलं. असं दोन्ही बाजूंनी चेपत चेपत १३९४ ला उत्तर आणि १३९५ ला शांतता. पिंगच्या डोक्यावरचे २८ बाइट मिळवले की १४२२. टनेलमध्ये मावणारं सगळ्यात मोठं पॅकेट तेवढं. वरची बेरीज-वजाबाकी कागदावर केली तरी १४२२ च येतात आणि हे जुळलं की मनाला फार बरं वाटतं.

त्यातून टीसीपी आणि आयपीचे ४० वजा केले की १३८२. फायरवॉलवर टनेलच्या टीसीपी एमएसएसला, म्हणजे एका पॅकेटमधल्या निव्वळ डेटाच्या मापाला, चाप लावायचा असतो, तो मी १३५० ला लावला. अझ्युरही १३५० च सुचवतं, आणि थोडी मोकळीक असलेली बरी, कारण उद्या कुणी मोडेम बदलेल. आयसीएमपीतला फक्त तो "तुकडे हवेत" निरोप, टाइप ३ कोड ४, मोकळा केला. रिपोर्ट दुसऱ्याच क्लिकला आला. एक लक्षात असू द्या: हा चाप टीसीपीलाच लागतो. टनेलमधून यूडीपीवर चालणारं काही असेल तर इंटरफेसचा एमटीयूच कमी करावा लागेल.

जे तात्पुरतं होतं

सगळ्यात जास्त झोप ज्याने उडवली ते तिसऱ्या चकरेला सापडलं. टनेल रोज तुटतोय म्हणून आधीच्या माणसाने एक "तात्पुरती सोय" करून ठेवली होती. मोडेमवर १४३३ हा डेटाबेसचा पोर्ट थेट एसक्यूएल सर्व्हरकडे वळवलेला. टनेल नसला तरी ईआरपीने सार्वजनिक पत्त्यावरून यावं आणि वजन उचलावं. शिवाय ३३८९ सुद्धा, म्हणजे घरी बसून रिमोट डेस्कटॉप. ही सोय ईआरपीमध्ये कधी जोडलीच गेली नाही, त्यामुळे तिचा उपयोग शून्य. दार मात्र उघडं.

एसक्यूएल सर्व्हरचा एरर लॉग उघडला. "लॉगिन फेल्ड फॉर युजर एसए." एसए म्हणजे डेटाबेसचं सर्वाधिकारी खातं. खाली तेच. त्याखाली तेच. काही सेकंदांच्या अंतराने, दिवसरात्र, नाना देशांतल्या पत्त्यांवरून. मी स्क्रीन शेठजींकडे फिरवली. ते काही बोलले नाहीत, खुर्ची ओढून बसले आणि गाडीचा काच फोडायचा प्रयत्न करणाऱ्या माणसाकडे बघावं तसं त्या ओळींकडे बघत राहिले. दोन्ही पोर्ट तिथल्या तिथे बंद केले, एसए खातं बंद केलं, पासवर्ड बदलले, आणि कुणी आत शिरलं होतं का हे बघायला यशस्वी लॉगिनच्या ओळी वेगळ्या काढल्या. सुदैवाने सगळ्या मिलच्याच आतल्या पत्त्यांच्या होत्या. शिरलं असतं तर सर्ट-इनला सहा तासांत कळवावं लागलं असतं, हेही त्याच २०२२ च्या निर्देशांत आहे.

टनेल तुटतोय म्हणून पोर्ट उघडणं म्हणजे कुलूप अडकतं म्हणून दार काढून ठेवणं. टनेल दुरुस्त होईपर्यंत बिलं हाताने टाका, वजनं फोनवर सांगा, गाडी अर्धा तास थांबू द्या.

टनेलच्या आतही मोकळं रान ठेवू नका. इथे नियम होता "क्लाउड ते मिल, सगळं चालेल." आता ईआरपीच्या एका पत्त्यावरून डेटाबेसच्या एका पत्त्यावर फक्त १४३३, आणि मिलकडून बॅकअपच्या जागेकडे फक्त ४४३. ईआरपीचं डेटाबेसमधलं खातं फक्त वजनाचं टेबल वाचू शकतं. प्री-शेअर्ड की, म्हणजे टनेलच्या दोन्ही टोकांचा सामायिक पासवर्ड, बदलली. जुनी होती मिलचं नाव आणि पुढे १२३, आणि ती तीन जणांच्या व्हॉट्सॲपवर पडून होती. नवी लांब आणि अर्थहीन आहे, एका टोकाला मी भरली, दुसऱ्या टोकाला भरणाऱ्याला फोनवर अक्षर-अक्षर सांगितली. कंटाळवाणं आहे, पण वर्षातून एकदा करायचं काम आहे.

अशाच आणखी काही तक्रारी, ज्या आमच्याकडे नव्हत्या पण आसपास भेटतात

लातूरचं गोदाम जोडल्याबरोबर मिलचं सगळं थांबलं, तर दोन्हीकडे १९२.१६८.१.० चं नेटवर्क आहे का बघा. मोडेम डब्यातून निघतो तोच त्या पत्त्यासह. दोन घरांना एकच नंबर असल्यावर पोस्टमन काय करणार. एका बाजूचे पत्ते बदला. नॅटने झाकता येतं, पण पुढे त्रास होतो.

फायबर गेला आणि फोरजी डोंगलवर आलात की टनेल उठत नाही, तर डोंगलला मिळालेला पत्ता बघा. १००.६४ ते १००.१२७ च्या मधला असेल तर तो सामायिक पत्ता आहे, मोबाइल कंपनीच्या मोठ्या नॅटमागचा, आणि बाहेरून कुणी तुमच्यापर्यंत पोचू शकत नाही. अशा वेळी सुरुवात मिलच्या बाजूनेच व्हायला हवी आणि क्लाउडकडे ओळख पत्त्याऐवजी नावाने ठेवलेली बरी.

मोडेममागे फायरवॉल असताना "ओळख पटली नाही" अशी एरर आली, तर फायरवॉल स्वतःची ओळख आतल्या खासगी पत्त्याने देतोय. ओळखीच्या रकान्यात सार्वजनिक पत्ता हाताने लिहा. यूडीपी ५०० आणि ४५०० मोकळे आहेत ना, तेही त्याच फेरीत बघून घ्या.

रात्री काहीच हालचाल नसताना झोपणारा आणि सकाळी पहिल्या क्लिकला वीस सेकंद घेणारा टनेल असेल, तर एका बाजूने दर काही सेकंदांनी पिंग चालू ठेवा. तो पिंग क्लाउडच्या आतल्या पत्त्याला जायला हवा. गेटवेच्या सार्वजनिक पत्त्याला मारलेला पिंग टनेल मेला तरी हिरवाच राहतो. आता मिलमध्ये अशाच आतल्या पिंगवर अलार्म आहे, आणि दुसरा अलार्म बॅकअपच्या फाइलवर: सकाळी सहापर्यंत आजच्या तारखेची फाइल क्लाउडवर दिसली नाही तर शेठजींच्या आणि माझ्या फोनवर मेसेज.

आठवड्याने फायरवॉलचा अपटाइम बघायला गेलो. सात दिवस दिसायला हवे होते, दिसले चार तास. पोटात गोळा आला. लॉगमध्ये रोज सकाळी सातला रीस्टार्ट. वहीच्या मागच्या पानावरही रोजची नोंद, नीट, सहीसकट.

काट्यावरच्या दादाला विचारलं तर म्हणाला, "साहेब, सवय झालीय. आल्यावर बटन दाबल्याबिगर करमतच नाही." फायरवॉलची वायर आता यूपीएसच्या मागच्या सॉकेटमध्ये गेली आहे, जिथे हात पोचत नाही. समोरचं बटन टेबलफॅनला दिलंय.